सुकरीबाईची मुलं

कमलेशला बोलतं करायचं तर त्याच्यासमोर बिघडलेला कॉम्प्युटर ठेवावा लागतो, माणसं ठेवून उपयोग नाही. पोशेऱ्याचा हा मुलगा नाशिकला शिकून आमच्या मोखाड्याच्या संस्थेत आला. पण जेवणाच्या सुट्टीतली त्याची आजवरची सगळी वाक्यं गोळा केली तरी एक पोस्टकार्ड भरणार नाही. मी त्याची वरिष्ठ, आणि तोंडाची फटकळ. त्यामुळे दोघांच्या वाट्याचं बोलणं मीच उरकते.

आमची संस्था लहान. पाड्यांवर जायचं, बाळांचं वजन करायचं, कोणाची लस राहिली ते बघायचं. त्यासाठी कमलेश एक प्रोग्रॅम लिहीत होता. ते चालतं कसं, असं मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की डेटाबेसची स्वतःची एक भाषा असते. ती आपण दर वेळी बोलत बसायचं नाही, मध्ये एक लायब्ररी ठेवायची. आपण फक्त ‘या आईची मुलं’ एवढंच लिहायचं. ती लायब्ररी त्याचा डेटाबेसला कळेल असा प्रश्न बनवते, टेबलांमध्ये शोधते आणि मुलं आणून हातात देते.

हे मला पटकन समजलं, कारण मी साताऱ्याची. सुरुवातीला पाड्यांवर जायचे तेव्हा इथल्या बायका आणि मी यांच्यामध्ये संस्थेतली आमची चंद्रकला असायची, ती इथलीच. मी माझ्या मराठीत विचारायचे, ती त्यांच्या बोलीत विचारायची आणि उत्तर मला समजेल असं परत आणायची. म्हणजे तुझी चंद्रकलाच की, असं मी म्हटलं तर तो हसला. त्या आठवड्यातलं त्याचं संभाषण तिथे संपलं.

प्रोग्रॅम उभा राहिला. चंद्रकलेने पोशेरा आणि वांगणीची घरं, मोठ्या मुलांसकट, त्यात भरली. वांगणीत मुलं फारच कमी दिसली, तेव्हा लेकुरवाळी घरं कामाला बाहेर गेली असतील असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं.

मग एका बाजाराच्या दिवशी कमलेशची आई आली. सुकरीबाई जीपमध्ये दाटीवाटीने बसून आली होती, पिशवीत नागलीच्या भाकऱ्या होत्या, आणि मनात एकच गोष्ट होती. मशीनमध्ये आयांची नावं आणि त्यांच्याखाली त्यांच्या पोरांची नावं येतात, असं लेकाने तिला सांगितलं होतं. तिला आपलं नाव बघायचं होतं, आणि त्याखाली आपली पोरं. गावात तसं ती सांगूनही आली होती.

कमलेशने खुर्ची पुसून तिला बसवलं. स्वतःच्या घराचं पान त्याने तोवर उघडलेलं नव्हतं. तिला वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचलं: सुकरी नवसू, पोशेरा. मुलं, एक. बुधी.

सुकरीबाईचा चेहरा फुलला होता, तो तसाच राहिला. ती म्हणाली, “बुधी तं धाकली.” मग लेकाकडे वळून विचारलं, “आन तू कठं आहास?”

कमलेशचे कान लाल झाले. त्याने घाईघाईने मुलांचं टेबल उघडलं. त्यात तो होता. नाव, जन्मतारीख, सगळं धड. तरी आईच्या पानावर येत नव्हता.

“नोंद आहे, ताई,” तो मला म्हणाला. “मी प्रश्नच चुकीचा लिहिलाय.”

त्याने मूल आईला जोडलंच नव्हतं, लग्नाला जोडलं होतं. वर अशी अट घातली होती की लग्नाच्या तारखेआधी जन्मलेलं मूल आणायचं नाही, म्हणजे तारखांमधली टायपिंगची चूक गाळली जाईल. लायब्ररी बिचारी सांगितल्या कामाची. चंद्रकलेला मी ‘लग्नानंतर किती मुलं’ असं विचारायला लावलं असतं, तर तिनेही तेवढंच उत्तर आणलं असतं.

आता या डोंगरात लग्न म्हणजे अख्ख्या पाड्याला जेवण. घरात तेवढं धान्य होईल तेव्हा मांडव उभा राहतो, तोवर संसार कोणी खोळंबून ठेवत नाही. आईबापाच्या लग्नात कमलेश दुसरीत होता. ज्यांचा मांडव अजून उभा राहायचाच होता, अशा वांगणीच्या आयांना तर आमच्या प्रोग्रॅमने सरळ निपुत्रिक करून टाकलं होतं. त्यांची बाळं लशीविना राहिली असती. मी चिडले. तुला हे ठाऊक नव्हतं का, असं त्याला फाडकन विचारलं.

तो खाली बघून बोलू लागला, आणि बराच वेळ बोलला. नाशिकच्या होस्टेलवर त्याने एकदा आईबापाच्या लग्नाची गंमत सांगितली होती, तर पोरं वर्षभर हसत राहिली. तेव्हापासून त्याने ते कोणालाच सांगितलं नाही. प्रोग्रॅम लिहिताना त्याला वाटलं, बरोबर लिहायचं म्हणजे असंच लिहायचं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण आई समोर होती आणि हक्क तिचा होता.

तिने हात फिरवला नाही. हळदीची गोष्ट मात्र मला सांगितली. नवऱ्याला हळद लागली तेव्हा हा मलाही लावा म्हणून रडून लाल झाला. शेवटी नवरदेवापेक्षा यालाच जास्त लागली, आठ दिवस पिवळा फिरत होता. सांगता सांगता ती हसली, आणि मग हसू थांबवून त्याला म्हणाली, “मांडव उशिरा आला, पोरा. तू तं येळेवर आला.”

कमलेश उठून बाहेर नळावर तोंड धुऊन आला. मग आईला शेजारी बसवूनच त्याने काम केलं. मूल थेट आईला जोडलं. लग्न वेगळं ठेवलं, त्याची तारीख रिकामी राहिली तरी चालेल असं केलं, आणि ती अट काढून टाकली. वांगणीची घरं पोरांनी भरली. सुकरीच्या नावाखाली दोन नावं आली, पहिलं कमलेशचं. ते कुठलं, असं विचारून तिने त्यावर बोट ठेवलं आणि भाकऱ्यांची पिशवी सोडली.

पुढच्या महिन्यात ठाण्याहून डॉक्टर मंडळी प्रोग्रॅम बघायला आली. त्यातल्या एकांनी विचारलं की लग्नाची तारीख आणि मुलाची तारीख ताडून का बघत नाही, चुका शिरतील. मी सवयीने तोंड उघडलं, पण कमलेश आधी बोलला.

“इथे लग्न नंतरही होतं, सर. मी माझ्या आईबापाच्या लग्नात जेवलोय. मला हळदसुद्धा लागलीय.”

सगळे हसले. मी धसकून त्याच्याकडे पाहिलं, तर तोही हसत होता. उदाहरण दाखवतो म्हणून त्याने आईचं पान उघडलं आणि दोन्ही नावं स्वतः मोठ्याने वाचली. त्या दिवशी मला एक शब्दही बोलावा लागला नाही.