मरायला माणूस मिळेना

पिक्चर बनवताना फुटेजपेक्षा किस्सेच जास्त जमतात, आणि त्यांना कात्री लावायला कोणी एडिटर मिळत नाही. परदेशात सिनेमा शिकून मी मेडशीला परतले, तेव्हा डोक्यात काय होतं? कॅमेऱ्याचं वारंही न लागलेले अस्सल, निरागस चेहरे! पहिल्याच दिवशी पारावरच्या आजोबांनी विचारलं, "ड्रोन नाही आणला? लगनात बी आणतात वो लोकं!"

निर्माती मी, दिग्दर्शक मी, चहा सांगणारीही मीच. गोष्ट साधी: एक म्हातारा बाप मरतो आणि विखुरलेलं घर अंगणात गोळा होतं.

*

लोकेशन म्हणून शेवंतामावशींचं वावर पसंत केलं. पिवळं पडलेलं सोयाबीन, वाऱ्यात खुळखुळणाऱ्या शेंगा. अहाहा! "परवा येते, कशालाही हात लावू नका," असं बजावून आले.

परवा जाऊन पाहते तर काळंभोर, मोकळं रान! सगळं सोंगून, गंजी लावून, वर ताडपत्री टाकून मावशी जरीच्या पातळात उभ्या.

"मावशी, हे काय केलं?"

"तुमी कॅमेरा घेऊन येऊन राह्यल्या, आन् आमी पसारा तसाच ठेवावा?"

*

खलनायक म्हणून कापड दुकानवाले शेठजी घेतले. आवाज भारदस्त, मिशी त्याहून. गिऱ्हाइकाला "चालती हो!" म्हणून हाकलायचं, एवढंच काम.

प्रत्येक टेकला शेठजी डोळे वटारायचे, बोट उगारायचे आणि म्हणायचे, "बसा ना, पाणी घ्या."

शेवटी हात जोडून म्हणाले, "मॅडम, डोक्यावर माझ्याच दुकानाचा बोर्ड हाये. उद्या शटर उघडायचं हाये मले!"

भारतीय सिनेमातला सर्वांत अगत्यशील खलनायक माझ्या नावावर जमा आहे.

*

खरा पेच पुढेच होता. सगळा सिनेमा शेवटच्या दृश्यावर उभा, आणि अंगणात मेलेला बाप म्हणून झोपायला अख्ख्या गावात एक म्हातारा तयार नाही! अपशकुन! एकांनी तर मला वाटेलाही लावलं, "मेल्यावर बोलाव, लगेच येतो."

अखेर माझे सख्खे वसंतकाका पाघळले. अट एकच, नाकात कापूस नको. काकू मात्र कडाडली, "माह्या कुंकवावर कायले उठली व पोरी?"

त्यांच्याच अंगणात शूटिंग लावलं. काका पांढऱ्या चादरीखाली, भोवती रडणाऱ्या बाया. समोरून एसटी गेली. खिडकीतून कोणी पाहिलं, कोणाला फोन लावला, देव जाणे. दुपारी काकांची लेक इंझोरीहून सासरची गाडीभर माणसं घेऊन आली आणि "बाबा वो!" करत थेट काकांच्या छातीवर कोसळली.

काका डोळे मिटूनच पुटपुटले, "हळू रड, टेक चालू हाये."

लेकीनं आधी मिठी मारली, मग धपाटा. काका उठून बसले. माझा शॉट गेला.

काकूचा चेहरा मात्र एकदम उजळला. "मेल्याची खोटी खबर उठली म्हन्जे माणसाचं आयुष्य वाढते! आता कायचं भेव?" असं म्हणत ती गल्लीभर साखर वाटत फिरली.

सकाळी दार उघडलं. ओट्यावर गावातले सगळे म्हातारे, धुतलेली धोतरं नेसून, ओळीनं बसलेले.

"पोरी, मले पहिले मार!"

"काहून? मी मोठा हाये याच्याहून!"

मी सगळ्यांना चहा सांगितला आणि पटकथेत पटकीची साथ आणली.