फेटा नसलेला माणूस

पॉपकॉर्नचा वास आला की मला लातूरचं ते थिएटर आठवतं. बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर, जरा बोलून तरी बघा म्हणून घरच्यांनी आम्हा दोघांना दुपारच्या खेळाला धाडलं होतं. पडद्यावर एक लाजाळू कारकून होता. मेलेल्या आजोबांचा फेटा बांधला की आजोबा त्याच्या अंगात यायचे आणि तो साहेबालाही झापायचा. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. मधूनच मला काही विचारायची आणि मी आपला मान खाली घालून ‘हाव’ म्हणायचो. आमच्याकडं होकार असाच देतात. सिनेमा सुटल्यावर रेणापूरच्या एसटीत चढता चढता ती थांबली. “तुमच्या मनात न्हाई का हे लग्न?” न्हाई, तसं न्हाई, तुम्ही मला लई आवडलात, एवढं सगळं घशाशी आलं आणि तोंडातून सवयीनं निघालं, “हाव.” ती आत जाऊन बसली. कंडक्टरनं घंटी मारली. मी गाडी थांबवायला हात वर केला, तिला तो निरोपाचा वाटला असावा, तिनंही हलवला. परवा टीव्हीवर तोच सिनेमा लागला. कारकुनानं फेटा हातात घेतला आणि मी रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणालो, “न्हाई, तसं न्हाई.”