स्योकाऊने निवडलेला दलाल

केनियातल्या किब्वेझीच्या बाजारात जमिनीचा नवा दलाल दिसला, की चहावाली त्याला हसत विचारायची, "स्योकाऊआजीकडे जाऊन आलास का? नाही? मग अजून कच्चाच आहेस तू."

तिचं काही चुकत नव्हतं. स्योकाऊची जमीन कित्येक वर्षं विकायला निघाली होती आणि जागची हलली नव्हती. मुस्योका आणि क्यालो हे तिचे दोन मुलगे नैरोबीत स्थिरावले होते. जमीन विकायची आणि आईला शहरात न्यायचं, असा त्यांचा बेत होता. मुलगे वाईट नव्हते, फक्त घाईत होते. आणि स्योकाऊला कुणाला 'नाही' म्हणणं जमत नसे. नवऱ्याला जन्मात म्हणाली नव्हती, मग मुलांना काय म्हणणार! ती एवढंच म्हणाली होती, "विकू की. पण दलाल लायक हवा. फसवाफसवी किती वाढलीये!" आईच्या हुशारीचं मुलांना कौतुक वाटलं. दलाल आईनेच निवडायचा, असं ठरलं.

तेव्हापासून ती निवडतच होती. एक दलाल आला तो गाडीतून उतरलाच नाही, काचेतून जमीन बघून "झकास!" म्हणाला. तिने त्याला काचेतूनच निरोप दिला. दुसऱ्याने कोरड्या ओढ्याला बारमाही नदी म्हटलं. "पोहता येतं ना तुला? मग मार की उडी," ती म्हणाली. तिसऱ्यात काहीच खोट सापडेना, तेव्हा हा फार गोड बोलतो, हीच खोट काढली. येताना सगळे साखर आणि चहापत्ती आणायचे, बाजारातल्या बातम्या सांगायचे, उकडलेला मका-घेवडा खाऊन रिकाम्या हातांनी परत जायचे. म्हातारीचं मजेत चाललं होतं.

संध्याकाळी ती उतारावरच्या बांधांवरून फिरायची. कुठे दगड निसटला असेल तर परत बसवायची. हे बांध तिने तरुणपणी गावातल्या बायकांबरोबर, गाणी म्हणत, कुदळीने घातले होते. त्याआधी तिथे नुसता फुफाटा उडायचा, आता आंबे उभे होते. त्या बांधांवर तिचा जीव होता. हे मुलांना तिने कधी सांगितलं नाही. न सांगता त्यांना कळावं, असं मात्र तिला रोज वाटायचं.

शेवटी मुस्योकाचा फोन आला. "आई, सुगीच्या आत दलाल ठरव, नाहीतर आम्ही ठरवतो."

आता आली का पंचाईत! स्योकाऊने बाजारात चौकशी केली आणि तिला हिरा सापडला. मुथियानी त्याचं नाव. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढलेला, बोलायला सरळ, आणि परवाना मिळाल्यापासून वीतभर जमीनसुद्धा विकलेली नाही. गिऱ्हाईक समोर आलं की हा पठ्ठ्या आधी जमिनीतले दोष सांगायचा. खोटं त्याच्या तोंडातून निघतच नसे. मुलांनी परवान्याचा फोटो पाहिला आणि तेही खूश झाले.

स्योकाऊने त्याला सगळी जमीन हिंडवून दाखवली. "नीट ऐक रे बाबा. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खारट होतं. आंबे पिकले की हत्ती येतात. पावसात रस्ता वाहून जातो. यातलं काही लपवू नकोस हं!"

"लपवायचं कशाला, आजी?"

तिला त्याची दृष्ट काढावीशी वाटली. गिऱ्हाइकं आली, दोष ऐकून आल्या पावली परत गेली. दरवेळी स्योकाऊ "अरेरे!" म्हणायची आणि मुथियानीला चहा करून द्यायची.

मग मोंबासाहून कवाता आली. आयुष्यभर इस्पितळात नर्स म्हणून राबलेली बाई. यापूर्वी दलालांनी तिला दोनदा बुडवलं होतं. विकत घेतलेली एक जमीन तर चक्क सरकारी रस्ता निघाली होती. तिने खारट पाणी ऐकलं, हत्ती ऐकले, रस्ता ऐकला.

"आणखी काही?"

"उंदीरपण आहेत," मुथियानी म्हणाला.

कवाता बांधावर बसली आणि खळखळून हसली. "अरे, जमिनीबद्दल माझ्याशी खरं बोलणारा तू पहिलाच भेटलास! घेतली मी."

स्योकाऊ घाईघाईने पुढे झाली. "हत्ती फार मोठे असतात हो," ती कशीबशी म्हणाली.

"लहान हत्ती कुणी पाहिलेत, बाई?"

व्यवहाराला जमीन समितीची मंजुरी लागते आणि तिथे घरच्या सगळ्यांना हजर राहावं लागतं. मुलगे कडक इस्त्रीचे शर्ट घालून आले. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "आजी, राजीखुशीने विकताय ना?"

"मुलांची इच्छा आहे."

"मी तुम्हाला विचारतोय."

स्योकाऊ डोक्यावरच्या रुमालाची गाठ चाचपत राहिली. तेवढ्यात मुथियानी उभा राहिला.

"साहेब, एक दोष सांगायचा राहिला."

"आता काय, सिंह?" कवाता म्हणाली.

"मालकिणीला जमीन विकायची नाहीये."

मुस्योका ताडकन उठला. "तू दलाल आहेस का कोण आहेस?"

"गिऱ्हाईक परत गेलं की आजींच्या चहात साखर जास्त पडते. या बाईंनी होकार दिला त्या दिवशी चहा बिनसाखरेचा होता. दिसलेलं लपवू कसा?"

अध्यक्ष वळले. "खरं आहे का, आजी?"

"हो. नाही विकायची मला." आवाज इतका बारीक होता, की कारकुनाने पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा ती असं बोलली, की व्हरांड्यातल्या लोकांनीही माना वळवल्या.

कवाताने सुस्कारा सोडला. "चल, दुसरी शोध माझ्यासाठी," ती मुथियानीला म्हणाली. "पण तूच शोधायचीस."

मुस्योकाचा चेहरा उतरला होता. "आई, इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे, बाळा? तुम्ही विचारलंत, दलाल कोण."