वाकडी पाटी लावणाऱ्या बाई

भिंतीवरचं चित्र जरा जरी कललेलं दिसलं तरी मला चैन पडत नाही. दवाखान्यात असो, बँकेत असो, मी उठतो आणि ते सरळ करून येतो. एकदा तर सांत्वनाला गेलेल्या घरी मी हे केलं होतं. तेव्हापासून आमची ही मला अशा ठिकाणी भिंतीकडे पाठ करून बसवते.

त्या सकाळी नगरपालिकेच्या बागेत फिरायला गेलो, तर मागच्या फाटकाशी एका काठीवर पिवळी पाटी. कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखी मान कलती करून उभी. मला राहवेना. मी तिला दोन्ही हातांनी धरली आणि अगदी हलकेच सरळ केली. कट्! काठी जमिनीत, पाटी माझ्या हातात.

इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. पाटी बाकाखाली सरकवली, वर कालचं वर्तमानपत्र पसरलं आणि गाणं गुणगुणत घरी आलो. पाटीवर काय लिहिलं होतं? देवाशपथ, ठाऊक नाही. चष्मा घरी फ्रिजवर होता.

दुसऱ्या दिवशी त्याच फाटकाशी भांडण चाललेलं. भांडणाला वळसा घालून जाणं मला जमत नाही, गेलो जवळ. औषधाची टाकी ठेवलेली हातगाडी, शेजारी गळ्यात मास्क लोंबकळणारा पंपवाला, आणि त्याच्यासमोर काखेत पिवळ्या पाट्यांचा गठ्ठा, हातात हातोडी घेतलेल्या एक बाई.

"अहो, पंप खाली ठेवा."

"अगं, सकाळपासून तयारी करून आलोय मी!"

म्हणजे नवराबायको. माझी उत्सुकता दुप्पट झाली.

"बाकीच्या फाटकांवर आहेत ना पाट्या? एका फाटकावर नाही तर काय आभाळ कोसळतंय?"

"त्या एका फाटकातून जो येतो, त्यानं काय करायचं? आजी नातवाला घेऊन येतात इथनं. पोरगं गवतात लोळतं. त्यांना कोणी सांगितलं?"

हळूहळू मला उलगडा झाला. शहराच्या जागेत कीटकनाशक मारायचं असेल, तर कुठलं औषध, कधी मारणार आणि गवताला केव्हापर्यंत हात लावायचा नाही, हे सांगणारी पाटी फवारणीआधी ठरलेले दिवस प्रत्येक फाटकावर असायला हवी. मधेच एक जरी गायब झाली तरी दिवस पहिल्यापासून मोजायचे. पाट्या लावणं हे बाईंचं काम, फवारणं नवऱ्याचं.

"मग खाऊ दे अळ्यांना सगळं!" पंपवाल्यानं मोठ्या फाटकाजवळच्या झाडाकडे हात केला. झाड अर्धं बोडकं झालं होतं. "साहेब काय म्हणाले ऐकलंस ना? पुढच्या पाहणीपर्यंत पालवी नाही दिसली, तर करवत. नोकरी लागली त्या साली दोघांनी खड्डा खणून लावलंय ते. जाऊ दे आता नियमापायी!"

बाईंनी हातोडी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "मला नकोय का ते झाड?"

पंपवाल्यानं पंप खाली ठेवला.

मी सटकण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात बाई बाकाशी वाकल्या.

"काका, ही पाटी इथं कशी आली?"

"वारा... काल वारा फार होता."

"वाऱ्यानं बाकाखाली सरकवली आणि वर पेपर पांघरला?"

पंपवाला माझ्याकडे असा बघत होता, की फवारणी आत्ताच व्हावी आणि माझ्यापासून सुरू व्हावी. मी सगळं कबूल केलं आणि ऐटीत म्हणालो, "मी भरपाई करतो. या फाटकाची राखण माझी!"

"कुणापासून राखणार?" बाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

बाईंनी नवी पाटी ठोकली. पुन्हा वाकडी! आता मात्र मला राहवेना.

"बाई, जरा डावीकडे..."

"हात खिशात घाला. बसा आणि बघा."

बसलो. पहिला आला टपालवाला. पुढे गेला, थबकला, मागे आला. पाटी धरली, सरळ केली, आणि त्याचे ओठ हलायला लागले. वाचत होता की! मग पळायला आलेली एक मुलगी. मग कुत्र्याला ओढत, खरं म्हणजे कुत्र्यामागे ओढले जात, एक वकील. सगळे तसेच. सरळ करायची, वाचायची, जायचं. वकिलांनी तर कुत्र्यालाही गवतातून बाहेर घेतलं. ते वळणावर दिसेनासे झाले की बाई यायच्या आणि पाटीला परत एक टिचकी मारून वाकडी करायच्या. गावभर माझ्यासारखे इतके लोक आहेत हे पाहून मला भरून आलं.

"सरळ पाटीकडे कुणी ढुंकून बघत नाही," बाई म्हणाल्या. "चूक दिसली की हात शिवशिवतात. हात लागला की डोळे जातातच अक्षरांवर."

"माझे नाही गेले."

"तुमच्यासारखे तुम्ही पहिलेच."

मी रोज जात राहिलो. बाई डबा खायला त्या झाडाखालीच बसत, पण आता झाडाकडे पाठ करून. वरून अळी पडली तर मुकाट्यानं झटकत. पंपवाला वर बघे, बायकोकडे बघे आणि शेवटी माझ्याकडे. त्या नजरेनं मला घरचा चहाही कडू लागायचा.

अखेर दिवस भरले. फवारणीच्या सकाळी आजी नातवाला घेऊन आल्या, पाटीशी थांबल्या, सरळ केली, वाचली आणि मागे वळल्या. नातवानं भोकाड पसरलं. ते भोकाड ऐकून बाईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "चला हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. पंपवाल्यानं तान्ह्या बाळाला अंघोळ घालावी तसं ते झाड फवारलं.

पाहणीला बागेचे साहेब आले तेव्हा आम्ही तिघंही उगाच कामात होतो. मला तर कामच नव्हतं, तरी मी होतो. साहेबांनी चष्मा पुसला, खालची फांदी वाकवली आणि बोटानं काहीतरी चाचपलं. दोन कोवळे कोंब होते म्हणे.

"राहू दे," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

पंपवाला गुंडाळलेली नळी उलगडून पुन्हा गुंडाळायला लागला. बाईंनी काही कारण नसताना एक खुंटी हातोडीनं दाणकन ठोकली. दोघंही एकमेकांकडे बघेनात. एवढा आनंद आणि कुणी बोलेना, म्हणजे बोलण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी मान वर केली.

"बाई, तुम्ही खालच्या दोन कोंबांचं काय घेऊन बसलात? शेंड्याकडे बघा! काय हिरवीगार पालवी फुटलीय, वाऱ्यावर डोलतेय नुसती!"

बाईंनी एकदा शेंड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ती पिशवी अडकलीय."