झालर लावलेली गव्हाण

आमच्या पांढऱ्या घोडीला मी एकदा मान वर करून जेवायला लावलं, आणि तिला खोकला झाल्यावर तो नव्या सुनेच्या पायगुणावर ढकलला. दोन्ही कामं पूर्ण आत्मविश्वासानं केली. तेव्हा मी पन्नाशीच्या अलीकडं होते आणि नुकतीच सासू झाले होते. सासू झालं की अक्कल आपोआप येते, असा माझा पक्का समज होता.

घोडी वरातीची. आमचे हे तिला लग्नांना न्यायचे. एरवी ती पुंडलिकनगरातल्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. आमच्याच मुलाचं लग्न निघालं तेव्हा मला तिची दया आली. आपण ताटात जेवायचं आणि घरच्या लक्ष्मीनं जमिनीवरून उचलायचं? पाहुणे काय म्हणतील? वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी गव्हाण करून घेतली, भिंतीवर माझ्या डोक्याइतकी उंच ठोकून घेतली, आणि तिला गुलमंडीतून आणलेली सोनेरी झालर लावली. घोडी झालरीकडं बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानं बघतेय.

लग्न झालं, सून आली, आणि आठवडाभरात घोडी खोकायला लागली. कडब्याच्या कुट्टीत तोंड घालायची, खोकायची, मागं सरकायची. गव्हाण भरलेली ती भरलेलीच. मी दृष्ट काढली. मिरच्या तिच्या नाकाखालीच धुमसवल्या, त्यामुळं शेजारची तीन घरंही खोकली. जनावरांचे डॉक्टर आले, ताप नाही म्हणाले, छाती तपासली, औषध दिलं आणि जाताना म्हणाले, "चाऱ्याकडं बघा जरा." मी बघितलं. चारा चांगला होता, मीच आणलेला.

मग भिंतीपलीकडच्या काकूंना मी हळूच म्हणाले, "सून आली अन् घोडीनं खाणं टाकलं. आता काय म्हणावं?" हळूच म्हणजे आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल इतकंच.

सून पाचोडकडची, गुराढोरांत वाढलेली. तिनं पोळ्या आटोपल्या, स्टूल उचललं आणि शेडमध्ये जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. रुसली असेल, म्हटलं, बसू दे. तिसऱ्या दिवशी तिनं हाक मारली, "आई, जरा येता का इकडं?"

मी गेले.

"हिनं खाणं टाकलेलं नाय. काल मामंजींनी बाहेर बांधली तर रस्त्याकडंचं गवत मुळापर्यंत खाल्लं. एकदा बी खोकली नाय. खोकती ती फक्त इथं, या गव्हाणीपाशी."

"का म्हणून?"

तिनं मूठभर कुट्टी घेतली, माझ्या तोंडासमोर उंच धरली आणि सोडली. सगळी धूळ माझ्या नाकात. मी खोकले, चांगली दोन मिनिटं. घोडीनं कान टवकारून माझ्याकडं बघितलं. तिला कुणीतरी सोबतीण मिळाल्यासारखं वाटलं असावं.

"खाली मान घालून खाल्लं की नाकातलं नाकातून गळून जातं," सून म्हणाली. "वर तोंड करून खाल्लं की सगळं आत."

गव्हाण त्याच दिवशी उतरवली. कुट्टीवर पाणी शिंपडून ती घमेल्यात जमिनीवर ठेवली, तर संध्याकाळपर्यंत घमेलं चाटूनपुसून लख्ख. खोकला पुरता जायला दोनेक आठवडे लागले. काकूंकडं मी स्वतः गेले आणि सांगितलं की पायगुण सुनेचा नव्हता, माझा होता. ही बातमी त्यांना पहिलीपेक्षा जास्त आवडली.

सुनेशी बोलायचं मात्र राहिलं. सासूनं माफी कशी मागायची हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी चहा केला, तिच्या हातात कप दिला आणि विचारलं, "त्या गव्हाणीचं आता काय करायचं गं?"

तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "परत ठोका भिंतीवर, झालरीसकट. मी मोगरा लावते तिच्यात. मोगऱ्याला काय खोकला येत नाय, आई. अन् आलाच, तर काकूंना यावेळी मी सांगते."