पेढ्याची खोदाई

जगदेवचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. विहिरी खोदणं सुटून सहा वर्षं झाली, सवय सुटली नव्हती. अलीकडे तर उठल्या उठल्या काम असे. कुत्र्यानं रात्री खणलेले खड्डे बुजवायचे.

कुत्रा मुलीचा, निताचा. कंपनीनं तिला दोन महिने हैदराबादला पाठवलं, म्हणून ती पेढ्याला कामरगावात बापाकडे ठेवून गेली. डॅशहाउंड जातीचा, वीतभर पाय, लांबुळकं अंग, रंग पेढ्याचा, म्हणून नावही पेढा. आधी अंगण खणून झालं, मग तुळशीचा ओटा. एक दिवस तो शेजारच्या गोजराबाईच्या हळदीच्या वाफ्यात शिरला.

"जगदेवभाऊ, पाह्य तुह्या कुत्र्याचे धंदे! साऱ्या हळदीची वाट लावली," ती कुंपणावरून ओरडली. "याले आता टोपलं-फावडं देऊन विहिरीवर धाड. बाप तसा लेक!"

रस्त्यावरची माणसं हसली. जगदेवचं डोकं फिरलं. हाताशी कुदळीचा दांडा होता, तो त्यानं पेढ्याच्या कमरेत घातला. पेढा एकदाच केकाटला आणि मागचा पाय ओढत बाजेखाली गेला.

मंगरूळपीरला जनावरांच्या डॉक्टर साधनाबाईंनी पाय चाचपला.

"कशानं लागलं?"

"फाटकात अडकला."

बाईंनी कमरेवरचा वळ पाहिला.

"लय खोडील हाय, बाई. कितीबी बोला, खोदूनच राह्यला."

"खोडी नाही ती, काका. बिळात घुसून जनावर बाहेर काढाले ही जात वाढवली. जो चांगला खोदे, त्याचीच पिल्लं पुढं ठेवली. असं किती पिढ्या. सारेच सारखे नसतात, शिकवलं तर थोडे वळतात. पण ओढ रक्तातली. त्याले खोदाले जागा द्या."

जगदेवनं मान खाली घातली. त्याचा बापही विहिरीच खोदायचा. खडक लागला की गावोगावचे लोक म्हणत, जगदेवले बोलवा, त्याच्या रक्तातच हाय. हे त्यानं जन्मभर मिरवलं होतं. पेढ्याचे खड्डेही त्यानं पाहिले होते. तळ साफ, माती एका बाजूला. आळशाचं काम नव्हतं ते. कळत होतं, तरी दांडा घातला.

"बाई, फाटक नाही," तो म्हणाला. "म्या मारलं."

"दिसलं मले."

संध्याकाळी निताचा फोन आला. त्यानं तिलाही सांगितलं.

"काहून, बाबा?"

लोक हसले म्हणून, हे त्याच्यानं सांगवलं नाही.

पाय सुधारला, पण पेढा जवळ येईना. जगदेव उठला की तो बाजेखाली. त्याच आठवड्यात गावातल्या दौलतरावांच्या विहिरीतला गाळ काढायचं काम निघालं. या वयात कोणी त्याला बोलावलं नव्हतं. तो स्वतः जाऊन उभा राहिला. गुडघे सुजेपर्यंत टोपली भरली, तळाचा खडक लागेपर्यंत सोडलं नाही.

त्या मजुरीतून पेढ्यासाठी वाळू आली. परसात ढीग पडला. पेढ्यानं तो हुंगला, जगदेवकडे पाहिलं आणि अंग चोरून बसला.

जगदेव घरात गेला, दार लोटून घेतलं. मग कुठे मागून वाळू उडाल्याचा आवाज आला.