उजेडात धरलेली कार्डं
खेळाच्या कार्डांचं नवं पाकीट फोडलं की शाईचा उग्र वास येतो आणि मला केडगावचा तो स्पर्धेचा हॉल आठवतो. रविवारची दुपार, वर तापलेला पत्रा, आणि जो तो पाकिटं विकत घेऊन जमवलेल्या आपापल्या कार्डांनी खेळत होता. मी देवळालीहून एसटीनं गेले होते. समोर होता नगरचा एकजण, आधीच्या स्पर्धेचा विजेता. मी त्याला हरवलं तसा त्यानं मोबाईलचा टॉर्च लावला. "ओरिजिनल कार्डातून उजेड येत नाही. हिच्या कार्डांतून येतोय. डुप्लिकेट आहेत." सगळे वाकून पाहू लागले. कुणाला उजेड दिसला, कुणाला नाही. माझ्याकडं बघायची नजर मात्र सगळ्यांचीच बदलली. माझं टाळकं सटकलं. "मग असं करा दादा, माझी कार्डं तुमी घ्या, तुमची मला द्या. मांडा पुन्हा डाव." पंच हो म्हणाले. त्याच्याच कार्डांनी मी त्याला पुन्हा हरवलं. त्यानं परत टॉर्च लावला आणि स्वतःचीच कार्डं एकेक करून उजेडात धरू लागला. आता अशा स्पर्धांना मी पंच असते. कुणी टॉर्च घेऊन तक्रारीला आलं की आधी विचारते, "हरलास का?"